अकरा नंबरचा माग

दाजी पेठेत आमचं घर
मागांच्या शेडला पाठ टेकून बसलेलं.
भिंतीला कान लावायची गरज नव्हती,
भिंतच कानाला लागलेली असायची.
रात्रपाळीत फडताळातल्या वाट्या
एकमेकींना हळूच शिवत राहायच्या
आणि आम्ही गाढ झोपायचो.
लाइट गेली की जाग यायची.

चोवीस माग. खटक-धप, खटक-धप.
अकरा नंबर तेवढा लंगडा.
मी पाटीवर रेघा मारून मोजलं: सात.
परत मोजलं. सात.
आणि पहिल्याच घरात काही नाही,
नुसती पोकळी,
धोटा जणू दारात चप्पल शोधत थांबलाय.

नायना जॉबर.
शेडमध्ये शिरताना डोळे मिटून घ्यायचे.
"सहाचा बोल्ट," म्हणायचे, "सतराची फणी,"
आणि पाना नेमका तिथंच जाऊन बसायचा.
त्या गदारोळातून एकेक यंत्र
त्यांना तांदळातल्या खड्यासारखं वेचता यायचं.

अम्मा उंबऱ्यात, मांडीवर सूप.
कात्री पानावर: कच्, कच्, पान फिरवून कच्.
मग चिमूटभर तंबाखू, बोटांची घसट,
दोऱ्याचा वेढा, त्याला आवाज नाही,
आणि टोक दुमडताना नखाचं टिक.
पान सुकं की ओलं
ते कात्री सांगते, म्हणायची.
"विनु."
ऐक.
एरवी आमच्याशी मराठीच बोलायची ती,
हा एक शब्द तेवढा तेलुगूत राहून गेला.

चार दिवसांनी नळ यायचा, तोही पहाटे तीनला.
आधी नुसता श्वास, कुठल्याशा टाकीपासून चालत आलेला,
मग खोकला,
मग पाणी.
घागर तळाशी असताना खर्जात बोलायची,
गळ्याशी भरत आली की सूर वर पळायचा.
तांब्याची घागर जरा उशिरा पळायची,
प्लॅस्टिकची बिचारी मुकीच.
अंथरुणातून, न बघता, मी ओरडायचे,
"अम्मा, घागर बदल!"
पलीकडे शांतव्वा शेंगाचटणी कुटायच्या,
मुसळ खाली, बांगड्या वर.
एकदा म्हणाल्या, ही पोरगी
कान उघडे टाकून झोपते.

एका दिवाळीच्या सुट्टीत
नायनांनी अकराला बरं केलं.
पट्टा बदलला, एक पाचर ठोकली. बस्स.
त्या रात्री चोवीसच्या चोवीस माग सारखेच.
मला झोप येईना.
पोट दुखतंय, असं सांगून रडले.

पुढं पुष्कळ वर्षांनी क्लासात
हिरेमठ सरांनी तबल्यावर हात ठेवला:
"हा रूपक. सात मात्रा.
बाकीचे समेवर जोर देतात,
हा तिथंच हात मोकळा सोडतो."
मला हसू फुटलं.
सर म्हणाले, काय झालं?
म्हटलं, ओळखते मी याला.
आमच्या मागच्या शेडमध्ये होता.
सरांना वाटलं, कुणी मुलगा.

शेड आता नाही.
माग भंगारात गेले, किलोवर,
अकरासुद्धा त्याच काट्यावर तोलला.
नायनांना ऐकू येत नाही.
कानातलं यंत्र डबीत असतं,
डॉक्टरकडे जातानाच ते घालतात,
डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून.
अम्माची कात्री मी वापरते, दुधाच्या पिशव्यांना.
तिचं कच् बदललेलं नाही.

परवा दुपारी बेचाळीस अंश ऊन,
लाइट गेलेली,
मी ज्वारीच्या रिकाम्या डब्याला टेकून फरशीवर बसलेले.
बोटं आपली आपण चालायला लागली,
ती ती ना, धी ना, धी ना.
नायना उघड्या फरशीवर पालथे,
गाल थंडाव्याला लावून.
डोळे न उघडता म्हणाले,
"अकराचा पट्टा सैल झालाय."

मी वाजवत राहिले.
ते उठले,
बनियनवर शर्ट चढवला
आणि फडताळात पाना शोधू लागले.
वाट्या एकमेकींना शिवल्या.